घर दादाला, एफडी मला, आणि ते वरचे दहा लाख

आधी पत्र थोडक्यात सांगते म्हणजे बाकीच्यांना संदर्भ लागेल. पत्र पुण्यातून एका ताईंचं आहे. वडील गेल्या ऑगस्टमध्ये गेले, आई त्याच्या आधीच गेलेली, मृत्युपत्र नाही. नाशिकला वडिलांनी स्वतःच्या पगारातून 1991 साली बांधलेला छोटा बंगला, आजची किंमत साधारण 90 लाख, आणि एफडी-सेव्हिंग मिळून 36 लाख. वारस तीन, नाशिकचा दादा, या ताई, आणि मोठी बहीण वडिलांच्या आधीच वारली म्हणून तिचा एकुलता एक मुलगा, जो हैदराबादला नोकरीला आहे (त्याचे वडीलही नाहीत). घरात असं ठरलंय की घर दादाला, कारण शेवटची चार वर्षं डायलिसिसला आठवड्यातून तीनदा वडिलांना तोच घेऊन जायचा, एफडीतले 20 लाख ताईंना, 16 लाख भाच्याला, आणि शिवाय दादा स्वतःच्या खिशातून ताईंना 10 लाख देणार, दोन वर्षांत, जमेल तसे. रजिस्ट्रेशनचं काम करणाऱ्या एजंटने सांगितलं की सरळ "बिनमोबदला" हक्कसोड (काही न घेता घरातला आपला हिस्सा सोडल्याचा कागद) करा, आणि ते दहा लाख बाहेरून कॅश घ्या, कागदावर आणू नका, नाहीतर टॅक्स बसेल. ताई विचारतायत की मला किती टॅक्स, दादाला किती टॅक्स, आणि एजंट म्हणतो तसं करू का. सोबत हक्कसोडच्या मसुद्याचा फोटो पाठवलाय.

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पहिलं देते. नका करू. का ते सांगते पण आधी सोप्या गोष्टी उरकून घेऊ म्हणजे तुमच्या डोक्यावरचं निम्मं ओझं उतरेल.

वडिलांकडून वारसाने जे मिळतं त्यावर आपल्याकडे टॅक्स नाही. पूर्वी इस्टेट ड्युटी होती, ती 1985 मध्ये गेली. म्हणजे तुमचे 20 लाख, भाच्याचे 16 लाख, दादाचं घर, यातल्या कशावरही मिळालं म्हणून इन्कम टॅक्स लागत नाही आणि रक्कम कमीजास्त आहे म्हणूनही लागत नाही. कायद्याने तिघांचा हिस्सा सारखा होता, 126 लाखांचे तीन भाग केले तर 42-42, बरोबर, पण आपल्या मर्जीने कमी घ्यायला कायदा आडवा येत नाही. बँकेत नॉमिनी दादा होता म्हणून सगळे 36 लाख त्याच्या खात्यात आले आणि आता तो तुम्हाला 20 ट्रान्सफर करणार, त्याची तुम्हाला भीती वाटतेय की "एवढी रक्कम खात्यात दिसली तर नोटीस येईल". अहो नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो वारसांच्या वतीने पैसे सांभाळणारा. ट्रान्सफर बँकेतूनच करा, आणि एफडी मोडल्याची पावती, वडिलांचा मृत्यूचा दाखला, वाटपाचा कागद एका फाइलमध्ये ठेवा. कोणी विचारलं तर ती फाइल पुढे करायची, एवढंच.

एक गोष्ट मात्र तिघंही विसरलात असं पत्रावरून वाटतंय. एप्रिलपासून वडील गेले त्या दिवसापर्यंतचं पेन्शन आणि एफडीचं व्याज हे वडिलांचंच उत्पन्न, त्याचं रिटर्न त्यांच्या पॅनवर कोणीतरी वारसाने भरायला लागतं, पोर्टलवर कायदेशीर वारस म्हणून नोंद करून. त्यानंतरचं व्याज तुमच्या तिघांच्या उत्पन्नात. बँका बऱ्याचदा गेलेल्या माणसाच्या पॅनवरच टीडीएस कापत राहतात, तेव्हा पोर्टलवर 26एएस (पॅनवर किती टीडीएस जमा झालाय ते दाखवणारा उतारा) उघडून बघा आणि दादाला बँकेत जाऊन कधीपर्यंत कोणाच्या पॅनवर कापलाय ते लेखी घ्यायला सांगा. रक्कम छोटी असेल पण हीच गोष्ट नंतर सगळ्यात जास्त चकरा मारायला लावते.

आता मुद्द्याचं. तुमच्या वाटणीत दोन वेगवेगळ्या प्रकारचे पैसे आहेत आणि सगळा घोळ ते एकत्र धरल्याने होतोय. 36 लाख हे वडिलांच्या डब्यातले. ते कसेही वाटा, ती वाटणीच. पण ते 10 लाख दादाच्या खिशातले आहेत, वडिलांच्या डब्यात ते कधी नव्हतेच. ज्या क्षणी तुम्ही म्हणता "मी घरातला हिस्सा सोडते आणि दादा मला त्याच्या पगारातून दहा लाख देतो" त्या क्षणी टॅक्सवाला विचारू शकतो की बाई ही वाटणी आहे का विक्री. कारण इन्कम टॅक्समध्ये "हस्तांतरण" म्हणजे नुसती विक्री नाही, पैसे घेऊन हक्क सोडणं हेही त्यात येतं.

आणि विक्री धरली तर काय होतं ते आकड्यात बघा, कारण एजंटने घाबरवलंय ते उगाच नाही, त्याचा उपाय चुकीचा आहे, भीती खरी आहे. घराची रेडी रेकनरची, म्हणजे स्टँपसाठी सरकारने ठरवलेली किंमत पण 90 च्या आसपास धरू. तुमचा तिसरा हिस्सा 30 लाखांचा. तुम्ही घेतले 10 लाख, पण हिशोब 10 वर होत नाही, रेडी रेकनरपेक्षा बरीच कमी किंमत दाखवली की रेडी रेकनरचीच किंमत धरतात, म्हणजे 30. वजा काय होणार, तर घर 2001 च्या आधीचं आहे म्हणून 1 एप्रिल 2001 ची किंमत, (ती त्या वेळच्या रेडी रेकनरपेक्षा जास्त धरता येत नाही,) समजा पूर्ण घराची 10 लाख होती तर तुमच्या वाट्याला 3.33. नफा 26.67 लाख, त्यावर साडेबारा टक्के आणि वर 4 टक्के सेस, म्हणजे साधारण 3 लाख 47 हजार. हातात आलेल्या दहा लाखांतून, तेही दोन वर्षांत हप्त्याने येणाऱ्या. (20 टक्के आणि इंडेक्सेशनवाला, म्हणजे महागाईप्रमाणे जुनी किंमत वाढवून धरण्याचा जुना पर्याय जुलै 2024 च्या आधीच्या घरांना अजून आहे, 2025-26 चा निर्देशांक 376 धरून तो करून बघितला, तो थोडा जास्तच येतो.) शिवाय मोबदला लिहिलेल्या हक्कसोडीला नाममात्र स्टँप चालेल असं धरून बसू नका, तिथे खरेदीखतासारखी ड्युटी मागितली जाते आणि ती दादाच्या बोकांडी बसते.

म्हणून एजंट म्हणाला बिनमोबदला करा. भावाबहिणींमध्ये बिनमोबदला हक्कसोडीला महाराष्ट्रात स्टँप अगदी किरकोळ आहे, ते खरं. आणि खरोखरच बिनमोबदला असेल तर तुम्हाला कॅपिटल गेन (मालमत्तेच्या विक्रीच्या नफ्यावरचा टॅक्स) नाही आणि दादालाही टॅक्स नाही, कारण बहिणीकडून भावाला मिळालेली भेट करमुक्त. म्हणजे कागद खरा असता तर सल्ला उत्तम होता. पण तुमच्या बाबतीत कागद खोटा आहे ना. तुम्ही पाठवलेल्या फोटोत तिसऱ्या पानावर छापलंय, "सदर हक्कसोडीपोटी लिहून देणार यांनी कोणताही मोबदला घेतलेला नाही व यापुढे घेणार नाही". ते "यापुढे घेणार नाही" परत वाचा ताई. त्याच्याखाली तुमची सही, अंगठा, सब-रजिस्ट्रारसमोर फोटो. आणि नंतर दादा, देव न करो, नोकरीतून कमी झाला, किंवा त्याचं काही बरंवाईट झालं आणि वहिनी किंवा मुलं म्हणाली की कसले दहा लाख, तर तुम्ही काय दाखवणार? स्वतःच सही केलेला कागद तुमच्याच विरोधात उभा राहील.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. माझ्या सख्ख्या आत्याने असाच बिनमोबदला कागद करून दिला होता, "तीन लाख दिवाळीपर्यंत देतो" या शब्दावर, तोही असाच एका एजंटने बनवून दिलेला, आणि ते तीन लाख आजतागायत आले नाहीत. भाऊ वाईट नव्हता, त्याचा धंदा बसला. आत्याकडे मागायला कागद नव्हता आणि भांडायला तोंड नव्हतं. मी तेव्हा सीएची आर्टिकलशिप करत होते आणि तिने मला तो कागद दाखवला तेव्हा मला तिला सांगावं लागलं की आत्या यात काही होणार नाही. ते मी विसरू शकत नाही, म्हणून तुमचं पत्र वाचून आधी हेच लिहायला घेतलं.

आणि कॅश तर बिलकुल नाही. एका व्यवहारापोटी एका माणसाकडून 2 लाख किंवा जास्त रोख घेतली, तुकडे पाडून घेतली तरी, तर घेणाऱ्यावर तेवढीच रक्कम दंड. घेणाऱ्या तुम्ही. म्हणजे दहा लाख घेऊन दहा लाख दंडाची टांगती तलवार.

मग करायचं काय. माझ्या मते तुमच्या घरात जे ठरलंय ते मुळात हक्कसोड नाहीच, ती कौटुंबिक व्यवस्था आहे, ज्याला वकील फॅमिली सेटलमेंट म्हणतात. फरक शब्दांचा नाही. हक्कसोडमध्ये तुम्ही दादाला काहीतरी "देता". कौटुंबिक व्यवस्थेत कोणी कोणाला देत नाही, तिघांचाही हक्क आधीपासून होताच, फक्त कुठली वस्तू कोणाच्या वाट्याला ते नक्की होतं. सुप्रीम कोर्टाने 1976 च्या काळे खटल्यात हे फार स्पष्ट सांगितलंय, की घरातले वाद मिटवायला किंवा पुढे होऊ नयेत म्हणून प्रामाणिकपणे, कोणावर दबाव न आणता केलेली अशी व्यवस्था कोर्टाने उचलून धरली पाहिजे, आणि वाटा अगदी समसमान असायलाच हवा असं नाही. त्याच धाग्याने हायकोर्टांनी पुढे असंही म्हटलंय की कोणाच्या वाट्याला मोठी वस्तू गेली म्हणून त्याने बाकीच्यांना फरकाची रक्कम दिली तर ती वाटणी समान करण्याची रक्कम आहे, विक्रीची किंमत नव्हे, म्हणून त्यावर कॅपिटल गेन नाही. कायद्याच्या भाषेत त्याला ओवेल्टी म्हणतात. गोव्यातल्या वाचकांना हे नवीन नाही, तिथे इन्व्हेंटरीत, म्हणजे वारशाच्या वाटपाच्या कोर्टातल्या प्रक्रियेत, वारसांमध्येच बोली लागते आणि जास्त घेणारा बाकीच्यांना फरक भरतो.

पण मी तुम्हाला हे शंभर टक्के बिनधास्त आहे असं सांगणार नाही. खात्याचा अधिकारी प्रश्न विचारू शकतो, आणि तेव्हा तुमचा कागद काय बोलतो त्यावर सगळं आहे. म्हणून त्या कागदात पूर्ण मालमत्ता यायला हवी, नुसतं घर नको. घर, प्रत्येक एफडी नंबरसकट, सेव्हिंग खातं, पोस्टात काही असेल तर ते, वडिलांची गाडी, लॉकर. मग कोणाला काय. मग दादाने चार वर्षं वडिलांचं केलं म्हणून सर्वांनी त्याला घर द्यायचं ठरवलं हे साध्या मराठीत. आणि मग, लपवून नाही तर उघड, की वाटणीतला फरक भरून काढायला दादा बहिणीला 10 लाख चेकने किंवा बँक ट्रान्सफरने देईल, अमुक तारखांना. तारखा घाला, "जमेल तसे" नको. उशिराबद्दल व्याज ठरवलंत तर ते व्याज तुमचं करपात्र उत्पन्न होईल हे लक्षात ठेवा, माझ्या मते तुमच्यात व्याज नकोच. घर या कागदाने दादाच्या नावावर जाणार असेल तर तो रजिस्टर करावा लागेल आणि वाटणीपत्र म्हणून स्टँप लागेल, तो नाममात्र नसेल. किती, ते अंदाजाने नका ठरवू, मुद्रांक जिल्हाधिकारी कार्यालयात मसुदा देऊन अभिनिर्णय करून घ्या, म्हणजे आकडा त्यांच्याकडूनच लेखी येतो. थोडे दिवस जातात पण नंतर कोणी कमी स्टँप म्हणून मागे लागत नाही.

आता भाच्याचं, कारण तुम्ही त्याच्याबद्दल एकच ओळ लिहिलीय, "तो पण हक्कसोड करून देईल", आणि खरा सापळा तिथे आहे. इन्कम टॅक्समध्ये भेट कोणाकडून मिळाली तर करमुक्त याची नातेवाइकांची यादी आहे आणि ती एका बाजूने चालते. मामा भाच्याला देईल तर करमुक्त, कारण भाच्याच्या दृष्टीने मामा म्हणजे आईचा भाऊ, यादीत आहे. पण भाचा मामाला देईल तर मामाच्या दृष्टीने बहिणीचा मुलगा यादीत नाही! म्हणजे भाच्याने त्याचा 30 लाखांचा हिस्सा दादाला सुट्या हक्कसोडीने फुकट दिला तर खातं म्हणू शकतं की दादाला नातेवाईक नसलेल्याकडून 50 हजारांवर किमतीची मालमत्ता फुकट मिळाली, टाका 30 लाख त्याच्या उत्पन्नात, आणि ते त्याच्या स्लॅबने, 30 टक्क्यांपर्यंत. मुद्रांक कायद्याची नात्यांची यादी वेगळी आहे, म्हणून रजिस्ट्रेशनच्या टेबलावर हे कोणाच्या लक्षातही येत नाही, स्टँप किरकोळ लागला म्हणजे सगळं झालं असं वाटतं. म्हणून भाच्याने सुटं हक्कसोड अजिबात करू नये. तो त्याच्या आईच्या जागी स्वतः वारस आहे, व्यवस्थेत तिसरा पक्ष म्हणून यावा, आणि त्याचे 16 लाख त्याच्या वाट्याला आले असंच कागदात असावं. त्याला सहीसाठी नाशिकला बोलवा, तो नातू आहे, यायला हरकत नसावी.

दादासाठी पण थोडं, कारण तुम्ही विचारलंय की "त्याला 90 चं घर मिळतंय, माझ्यावर अन्याय होतोय का". अन्याय-न्याय मी ठरवणार नाही, ते तुम्ही भावंडांनी ठरवलंय आणि डायलिसिसच्या त्या फेऱ्या आकड्यात बसत नाहीत. पण हिशोब म्हणून सांगते, तुमचे 20 लाख म्हणजे 20 लाख, त्याचं 90 चं घर म्हणजे 90 नव्हे. घराबरोबर त्याला वडिलांची जुनी किंमतही वारशात मिळते. तुम्ही लिहिलंय की तो दोन-तीन वर्षांनी विकून फ्लॅट घेईल. आत्ताच्या दराने 90 ला विकलं, 2001 चे 10 वजा, 80 लाख नफा, साडेबारा टक्क्याने 10 लाख, उत्पन्न 50 लाखांवर गेलं म्हणून 10 टक्के सरचार्ज, वर सेस, म्हणजे 11 लाख 44 हजार एकट्याच्या माथी. नवीन फ्लॅटमध्ये 80 लाख किंवा जास्त मुदतीत घातले, विकत घेतला तर विक्रीनंतर दोन वर्षांत, तर हा टॅक्स शून्य होतो. 60 चाच घेतला तर उरलेल्या 20 लाखांसाठी सहा महिन्यांत कॅपिटल गेन बाँड घेता येतात, ते पाच वर्षं अडकतात.

यावरून एक सुचतंय, जेवताना विषय काढून बघा. त्याला घर राहण्यासाठी नकोच असेल, विकायचंच असेल, तर आत्ता एकट्याच्या नावावर करून मग विकण्यापेक्षा तिघांच्या नावावर ठेवून तिघांनी मिळून विकणं स्वस्त पडू शकतं. नफा तिघांत विभागला की प्रत्येकी 26.67 लाख, पगार फार मोठे नसतील तर सरचार्जचा प्रश्नच मिटतो, आणि 50 लाखांची बाँडची मर्यादा माणशी आहे म्हणून तिघांनी बाँड घेतले तर टॅक्स काहीच नाही. मग दादाला जास्त द्यायचं तर आपापल्या विक्रीच्या पैशातून द्या, तुम्ही बहीण म्हणून देऊ शकता. भाच्याने मात्र नाही, वर सांगितलं तेच कारण. आणि तसं केलं तर तो दहा लाखांचा हप्ता वगैरे भानगडच राहत नाही. पण त्याला त्या अंगणात अजून काही वर्षं राहायचं असेल तर हे सोडून द्या, टॅक्ससाठी माणसाला घरातून उठवायचं नसतं.

काहीही ठरलं तरी दादाला म्हणावं, नोंदणीकृत व्हॅल्युअरकडून 1 एप्रिल 2001 च्या किमतीचा रिपोर्ट आत्ताच करून घे, आणि वडिलांच्या कपाटातली बांधकाम परवानगी, पूर्णत्वाचा दाखला, जुन्या घरपट्टीच्या पावत्या रद्दीत जाऊ देऊ नको. वडिलांच्या सहीची एकेक पावती दहा वर्षांनी उपयोगी पडते.

कलमांचे नंबर मी मुद्दाम टाळलेत, कारण 1 एप्रिल 2026 पासून 1961 च्या जागी 2025 चा आयकर कायदा आहे आणि नंबर सगळे हललेत, या गोष्टींमागचा नियम मात्र तोच आहे.

आणि हो, लॉकर. तुमच्या यादीत आईच्या दागिन्यांचा उल्लेख कुठेच नाही. असतील तर ते आधी बाहेर काढा, वजन करा, यादीत घाला, कारण कदाचित दहा लाखांतला काही भाग दादाच्या खिशातून घेण्याऐवजी आईच्या पाटल्यांतून तुमच्या वाट्याला येऊ शकतो, ती निखळ वाटणी होईल, आणि दादाच्या डोक्यावरचा हप्ताही कमी होईल.

सहीची तारीख पुढच्या गुरुवारी आहे म्हणालात. त्या एजंटला आजच फोन करून ती कॅन्सल करा, कागदाचे पैसे मागितले तर देऊन टाका. मग दादाला फोन करा, आणि त्याला तिसऱ्या पानावरची ती ओळ फोनवर वाचून दाखवा. त्याने ती वाचलेली नसणार, मला खात्री आहे.